लुका टोनी: सव्विसाव्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत, अठ्ठाविसाव्या वर्षी युरोपात पहिला, हे कसे जुळून आले?

खारघरचा मामा (प्रश्न)

नमस्कार. माझा भाचा वीस वर्षांचा आहे, उंची सहा फुटांच्या वर आहे आणि तो मुंबईच्या साखळीत स्ट्रायकर म्हणून खेळतो. नवी मुंबईतील एका अकादमीच्या निवड चाचणीत त्याला असे सांगण्यात आले की, या वयात स्ट्रायकर घडत नसतो, बचावफळीत खेळायची तयारी असेल तर पुढे बोलू. त्या अकादमीशी वाद घालण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे विधान मात्र तपासून पाहण्यासारखे आहे, असे वाटते.

२००६ चा फुटबॉल विश्वचषक जागून पाहिलेल्यांना इटलीचा स्ट्रायकर लुका टोनी आठवत असेलच. युक्रेनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला होता आणि त्यात इटलीच्या तीनपैकी दोन गोल त्याचे होते. तेव्हा मला तो लहानपणापासून मोठ्या क्लबात वाढलेला खेळाडू वाटला होता. परवा त्याची कारकीर्द वाचली, तर २००३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हा गृहस्थ चक्क 'सेरी ए' (इटलीची पहिली श्रेणी) सोडून 'सेरी बी'मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, खेळायला गेल्याचे दिसले. तिथून तीन वर्षांत तो युरोपातील सर्वाधिक गोलांचा 'गोल्डन शू' जिंकतो, हे कोणत्या कारणांनी घडले? उशिरा उमलण्याचा हा अपवाद आहे, की त्यामागे इटलीतील व्यवस्थेचा काही हात आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाचपाखाडीकर

मामा, 'उशिरा उमलला' हे वर्णन मला अपुरे वाटते, कारण त्याआधीची वर्षे टोनी बाकावर बसून वाट पाहत नव्हता. तो खेळत होता, फक्त आपण पाहत नव्हतो.

त्याचा जन्म २६ मे १९७७ चा, मोदेना प्रांतातील पावुल्लो नेल फ्रिन्यानो या डोंगराळ गावचा. मोदेना क्लबकडून सुरुवात झाली, तेव्हा तो क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. नंतर एम्पोली आणि फिओरेन्झुओला. या काळात त्याच्या नावावर सांगण्यासारखे फारसे काही नाही आणि 'या वयात स्ट्रायकर घडत नसतो' असे त्यालाही कोणी म्हटले असते, तर ते त्या दिवशी खोडून काढणे अवघड गेले असते. मग १९९८-९९ मध्ये तो रोममधील लोदिजानी या लहानशा क्लबात गेला आणि तिसऱ्या श्रेणीत त्याने १५ गोल केले. पुढच्या हंगामात त्रेविझोकडून दुसऱ्या श्रेणीत पुन्हा १५. त्यानंतर विचेन्झाने त्याला पहिल्या श्रेणीत आणले, तिथे ९ गोल. आणि २००१-०२ मध्ये ब्रेशाकडून १३. ब्रेशाच्या त्या संघात रॉबेर्तो बाज्जोसारखा नामवंत आक्रमक होता, त्या हंगामात मधल्या फळीत पेप ग्वार्दिओलाही आला आणि प्रशिक्षक होते कार्लो मात्झोने. चोवीस-पंचवीस वर्षांच्या स्ट्रायकरला याहून चांगली सोबत कुठे मिळणार?

म्हणजे तो एकेक पायरी चढत होता आणि प्रत्येक पायरीवर त्याला पूर्ण हंगाम मिळत होता. खरी अडचण आली ती ब्रेशातील दुसऱ्या हंगामात. दुखापतींनी तो हंगाम वाया गेला, गोल झाले अवघे दोन. २००३ च्या उन्हाळ्यात पालेर्मोचे मालक माउरित्झिओ झांपारिनी यांनी त्याला दुसऱ्या श्रेणीत बोलावले ते या पार्श्वभूमीवर, आणि तो गेला. नाव राखण्यासाठी वरच्या श्रेणीतील एखाद्या क्लबात बदली खेळाडू म्हणून राहणे अनेकांनी पत्करले असते. मला त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा वाटतो, विश्वचषकापेक्षाही.

त्या वर्षी 'सेरी बी' नेहमीपेक्षा मोठी, २४ संघांची होती, म्हणजे प्रत्येक संघाला ४६ सामने. टोनीने ३० गोल केले, पालेर्मो पहिल्या क्रमांकावर राहिला आणि तीन दशकांहून अधिक काळानंतर 'सेरी ए'मध्ये परतला. पुढच्याच हंगामात वरच्या श्रेणीत त्याचे २० गोल झाले आणि पालेर्मो सहावा आला. २००५ मध्ये फिओरेंटिनाने त्याला घेतले आणि २००५-०६ मध्ये त्याने ३१ गोल केले. 'सेरी ए'च्या एका हंगामात इतके गोल १९५८-५९ नंतर कोणी केले नव्हते. तेव्हा आंजेलिल्लोचे ३३ झाले होते. 'गोल्डन शू' मिळवणारा टोनी हा पहिला इटालियन. मोठ्या साखळीतील गोलाला दोन गुण या हिशेबाने त्याचे ६२ गुण झाले आणि मागे राहिला तो थिएरी ऑन्री.

अठ्ठाविसाव्या वर्षी चमत्कार झाला, असे यात मला कुठेच दिसत नाही. फक्त २००२-०३ चा हंगाम मध्ये आला नसता, तर हेच चित्र कदाचित दोन वर्षे आधी दिसले असते.

वाशी सेक्टर १७

पाचपाखाडीकरांनी पायऱ्या नीट मांडल्या आहेत. मी खेळाच्या अंगाने लिहितो, कारण लहान मुलांना शिकवताना माझे लक्ष तिकडेच जाते.

टोनीची उंची साधारण सहा फूट चार इंच. पण उंच माणसे प्रत्येक संघात असतात. त्याचे वेगळेपण पाहायचे असेल, तर चेंडू बाजूच्या रेषेजवळ असताना कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात टोनी काय करतो ते पाहा. तो बचावपटूच्या पुढे कधी उभा राहत नाही. त्याच्या पाठीमागे, दूरच्या पोस्टकडे (गोलाच्या पलीकडच्या खांबाकडे), त्याच्या नजरेआड राहतो. क्रॉस (बाजूने गोलसमोर मारलेला उंच चेंडू) मारणाऱ्याने मान वर केली की टोनी आधी एक पाऊल मागे जातो, त्यामुळे बचावपटूला चेंडू पाहायचा की टोनीला, हा प्रश्न पडतो. त्यानंतर तो एकदम पुढे घुसतो आणि खांदा बचावपटूच्या छातीवर असा टेकवतो की त्या माणसाला उडीच घेता येत नाही. अनेकदा टोनी स्वतःही फारसा उडत नाही. समोरच्याला जमिनीवर रोखून धरले, की सहा फूट चार इंचांना उडण्याची गरज कुठे राहते? युक्रेनविरुद्धचा त्याचा पहिला गोल तोत्तीच्या क्रॉसवर डोक्याने झालेला आहे. दुसऱ्यात झांब्रोत्ताने तयार चेंडू दिला आणि टोनी जिथे असायला हवा तिथे होता. गोल झाल्यावर तो कानाजवळ हात नेऊन फिरवायचा, तेवढी एक नक्कल मात्र आमच्याकडची सगळी मुले बिनचूक करतात.

आता मामांच्या भाच्याकडे येतो. घोडबंदर रस्त्यापासून उलव्यापर्यंत आज जिकडे पाहावे तिकडे टर्फ आहे, आणि खेळायला जागा मिळते याचा आनंदच आहे. पण टर्फ म्हणजे चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेला पिंजरा. चेंडू वरच्या जाळीला लागला, की खेळ थांबतो आणि चेंडू समोरच्या संघाला मिळतो. साहजिकच मुले चेंडू जमिनीवर ठेवायला शिकतात, पायांत चपळ होतात, पण पस्तीस मीटरवरून आलेला उंच क्रॉस कधी अनुभवत नाहीत. पाच-पाचच्या खेळात दूरची पोस्ट ही गोष्टच नसते. अशा मुलाला निवड चाचणीत वीस मिनिटे मोठ्या मैदानावर उतरवले, तर तो चुकीच्या जागी उभा दिसणारच आणि पाहणारा म्हणणार, उंच आहे, मागे खेळवा. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ मध्ये मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. पण आपल्या मुलांना रोज सरावाला पूर्ण आकाराचे मैदान मिळणे अजून दुर्मीळ आहे. (हा विषय निघाला, की मी थांबत नाही, म्हणून इथेच थांबतो.)

भाचा कोणत्या मैदानावर, आठवड्यातून किती वेळा सराव करतो आणि त्याच्या संघात क्रॉस मारणारा कोणी आहे का, हे कृपया कळवावे. वय त्यानंतर पाहू.

कळवा पुलाखाली

वरील दोन्ही उत्तरे वाचली. टोनी मलाही आवडतो, परंतु त्याचे उदाहरण सरसकट वापरू नये असे मला वाटते, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले म्हणजे, टोनी हा त्याच्यासाठी बांधलेल्या संघांत फुलला. फिओरेंटिनात चेझारे प्रांदेल्ली प्रशिक्षक होते. डावीकडून पास्क्वाल सतत वर येऊन क्रॉस मारत होता, योर्गेन्सन आणि फिओरे हे बाजूने साथ द्यायला होते. बायर्न म्युनिकमध्ये २००७ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच वेळी बाजूने खेळणारा रिबेरीही आला. त्या पहिल्या हंगामात त्याने बुंडेसलीगात (जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत) २४ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, डॉर्टमुंडविरुद्ध जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्नचे दोन्ही गोल त्याचे होते आणि हेताफेविरुद्धच्या युएफा चषकाच्या सामन्यात जादा वेळेत १-३ अशी पिछाडी असताना ११५ व्या आणि १२० व्या मिनिटाला गोल करून त्याने संघाला उपांत्य फेरीत नेले. तो सामना ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळे सांगायला नको. पण २००९ मध्ये प्रशिक्षक म्हणून लुई व्हॅन गाल आले, खेळाची रचना बदलली आणि काही महिन्यांत टोनी उसनवारीवर रोमा क्लबात होता. त्यानंतर जेनोआ, युव्हेंटस, मग दुबईचा अल नस्र. युव्हेंटसच्या नव्या स्टेडियमवरील पहिला गोल त्याच्या नावावर आहे, पण तो उद्घाटनाच्या मैत्रीपूर्ण सामन्यातला. माणूस तोच, उंची तीच, आणि तीन वर्षांत जवळपास काहीच नाही.

इटलीच्या संघातही हेच दिसते. ४७ सामन्यांत १६ गोल वाईट नाहीत, परंतु २००८ च्या युरो स्पर्धेत तो प्रत्येक सामन्यात धडपडला आणि एकही गोल झाला नाही. २००६ च्या अंतिम सामन्यात पिर्लोच्या कॉर्नरवर त्याचा हेडर आडव्या दांड्यावर आदळला आणि उत्तरार्धातील गोल ऑफसाइड ठरला. तो दिवस वेगळा गेला असता तर आज त्याच्याविषयी वेगळ्या आवाजात बोलले गेले असते, हे मला मान्य आहे.

दुसरे कारण अधिक व्यवहाराचे. पाचपाखाडीकर ज्या पायऱ्या म्हणतात, त्या इटलीत प्रत्यक्ष होत्या. त्या काळी तिसऱ्या श्रेणीतच दोन गट, प्रत्येक गटात १८ संघ, आणि त्या खेळाडूंना पगार मिळत असे. लोदिजानीत १५ गोल केले, तर वरच्या क्लबचा माणूस ते पाहायला येत होता. आपल्याकडे साखळीत पंधरा गोल केलेल्या मुलाला पाहायला कोण येते? मामा, भाच्याने खेळत राहावे, मी नको म्हणत नाही. मात्र पदवी पूर्ण होऊ द्या.

खारघरचा मामा

सर्वांचे मनापासून आभार. वाशीकरांच्या प्रश्नाचे उत्तर: सराव बहुतेक टर्फवरच होतो, मोठे मैदान फक्त सामन्याच्या दिवशी मिळते. हे मी आजवर त्या दृष्टीने पाहिलेच नव्हते. पदवीचे शेवटचे वर्ष चालू आहे, त्याबाबत निश्चिंत असावे.

कळवेकरांना एक विचारायचे आहे. संघ जुळला नाही म्हणून टोनी मावळला, हे मान्य केले, तरी पुढे तो ज्या व्हेरोना क्लबात खेळला, त्याचे काय? तो संघ काही त्याच्यासाठी बांधलेला नव्हता.

पाचपाखाडीकर

कळवेकरांच्या आधी मीच उत्तर देतो, कारण व्हेरोनामुळे त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आणि अर्धा चूक ठरतो.

२०१२-१३ मध्ये टोनी फिओरेंटिनात परतला, ८ गोल केले. तिथेच थांबला असता, तरी कोणी काही म्हटले नसते. २०१३ मध्ये हेलास व्हेरोना नुकताच 'सेरी ए'मध्ये परतला होता आणि पैशाने श्रीमंत नव्हता. प्रशिक्षक आंद्रेआ मांदोर्लीनी यांनी छत्तीस वर्षांच्या या माणसाला मध्यभागी उभे केले. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात एसी मिलानवर २-१ असा विजय, दोन्ही गोल टोनीचे. त्या हंगामात २० आणि पुढच्या, २०१४-१५ च्या हंगामात २२ गोल. इंटरच्या माउरो इकार्दीसोबत तो संयुक्त अव्वल ठरला. तेव्हा त्याने वयाची ३८ वर्षे पूर्ण केली होती. इतक्या वयाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू 'सेरी ए'ने त्याआधी पाहिला नव्हता. आधीचा विक्रम पियाचेन्झाच्या दारिओ हुब्नरचा होता, २००२ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी. योगायोग असा की तोही खालच्या श्रेणींतून चढत आलेला.

रचना त्याच्या सोयीची होती, इथे कळवेकर बरोबर आहेत. परंतु ती रचना तेराव्या क्रमांकावरचा संघ देत होता, बायर्न नव्हे. टोनीचे आयुध वेगावर अवलंबून नव्हते, म्हणून ते वयाने बोथट झाले नाही. वाशीकरांनी वर्णन केलेले ते मागे घेतलेले पाऊल आणि खांदा टेकवणे अडतिसाव्या वर्षीही तसेच चालते; पंचविसाव्या वर्षी धावून गोल करणाऱ्यांचे तसे नसते.

शेवटचा हंगाम वाईट गेला, व्हेरोना खालच्या श्रेणीत घसरला. तरीही ८ मे २०१६ रोजी घरच्या मैदानावर, आधीच विजेते ठरलेल्या युव्हेंटसविरुद्ध, त्याने पेनल्टी पानेंकाच्या पद्धतीने, गोलरक्षक झुकल्यावर मधोमध अलगद उचलून मारली आणि व्हेरोना २-१ ने जिंकला. 'सेरी ए'मध्ये एकूण १५७ गोल.

मामा, भाच्याला ३१ गोलांचा हंगाम नंतर दाखवा. आधी २०१४-१५ चे व्हेरोनाचे गोल दाखवा आणि त्यातल्या पेनल्टी वगळा. चेंडू पायात यायच्या आधीची चार-पाच सेकंदे त्याला थांबवून थांबवून पाहू द्या. आणि कोणी ओळखीचे असेल, तर रविवारी सकाळी मोठ्या मैदानावर तासभर फक्त क्रॉस मारणारे दोघे जण शोधा. वाशीकर त्यात मदत करतील, असे मी त्यांना न विचारताच लिहितो.

वाशी सेक्टर १७

विचारण्याची गरज नव्हती. मामा, मला वैयक्तिक निरोप पाठवावा. डावखुरा एक जण माझ्याकडे आहे, उजव्या बाजूसाठी मात्र कोणीतरी तुम्ही आणा.