डिचोलीच्या खाणीवर डॉकिंग स्टेशन बसवून फोंड्यातून ड्रोन चालवता येईल का?

प्रश्नकर्ता: फोंड्याचा सर्वेक्षक

नमस्कार. जमीनमोजणी आणि ड्रोन सर्वेक्षण हा आमचा छोटा व्यवसाय आहे. डिचोली तालुक्यातील एका खाणीवरच्या खनिजाच्या ढिगाऱ्यांचे घनफळ मोजण्याचे काम आमच्याकडे असून हंगाम चालू असेपर्यंत दर आठवड्याला दोन माणसे साहित्यासह तिथे पाठवावी लागतात. प्रत्यक्ष उड्डाण अर्ध्या तासाचे. मात्र प्रवासात, फाटकावरच्या नोंदीत आणि सुरक्षा अधिकाऱ्याची वाट पाहण्यात दिवस संपतो. एका विक्रेत्याने डॉकिंग स्टेशन सुचवले आहे. ड्रोन त्या पेटीतच राहील, तिथेच चार्ज होईल आणि आम्ही फोंड्याच्या कार्यालयातून बटण दाबायचे, असे त्याचे म्हणणे आहे. कायदा, पाऊस आणि वीज या तिन्ही बाबतींत गोव्यात हे कितपत जमेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: नियम वाचणारा

आधी कायद्याचे पाहू, कारण विक्रेते नेमके तेच शेवटी सांगतात. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात (नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेल्या मोकळ्या हवाई भागात) ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. गोव्याच्या उत्तरेला मोपा आणि दक्षिणेला नौदलाच्या ताब्यातील दाबोळी असल्यामुळे छोट्याशा राज्याचा बराच भाग या वर्तुळांत अडकतो. आपली खाण नकाशावर कोणत्या रंगात आहे हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर लीजच्या (खाणपट्ट्याच्या) हद्दीनुसार पाहावे. नुसते गावाचे नाव घालून पाहणे पुरेसे नाही.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. फोंड्यातून डिचोलीतले ड्रोन चालवणे म्हणजे नजरेच्या टप्प्याबाहेरचे उड्डाण, आणि त्याला आपल्याकडे सरसकट मुभा नाही. २०२१ मध्ये २० संस्थांना अशा उड्डाणांसाठी सशर्त सूट मिळाली होती, पण ती प्रयोगापुरती होती. त्यामुळे डॉक बसवले तरी प्रमाणपत्रधारक चालक खाणीवर, ड्रोन दिसेल अशा जागी उभा असणेच आज सुरक्षित ठरते. पेटी आली म्हणून माणसाची फेरी वाचेल, असे गृहीत धरून हिशेब मांडू नका.

दुसरे असे की ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग आणता येतात आणि संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांना अपवाद आहे. तेव्हा विक्रेत्याकडे चित्रफीत न मागता त्या ड्रोनचे टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेले मान्यता प्रमाणपत्र) मागावे. तृतीय पक्ष विमा लागतोच.

उत्तर २: सत्तरीचा वीजतंत्री

कायद्यात मी पडत नाही. पेटी कुठे आणि कशी बसते, तेवढे सांगतो. एका औद्योगिक जागेवर असे डॉक बसवण्याच्या कामात मी होतो.

सर्वांत जास्त वेळ अर्थिंगने खाल्ला. डॉकच्या माहितीपुस्तिकेत भूरोध (वीज जमिनीत उतरताना होणारा अवरोध) १० ओहमच्या आत ठेवण्यास सांगितले होते, आणि आपला जांभ्याचा सडा वरून ओला दिसला तरी खाली कोरडाच असतो. नेहमीचा मीठ-कोळशाचा खड्डा पुरला नाही. खोल बोअर मारून तांब्याची पट्टी सोडावी लागली. मोजमाप एप्रिल-मे महिन्यांतच करून घ्या. ऑगस्टमध्ये मीटर छान आकडा दाखवतो आणि ऑक्टोबरमधल्या विजांच्या गडगडाटात त्याच आकड्याची खरी परीक्षा होते.

वीज गेली की डॉकमधली राखीव बॅटरी काही तास चालते, पण ती हवेत असलेले ड्रोन सुखरूप उतरवून झाकण बंद करण्यासाठी असते, पुढची उड्डाणे करण्यासाठी नव्हे. पावसाळ्यात वीज खात्याचा पुरवठा किती वेळा तुटतो हे आपणां सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे वेगळा इन्व्हर्टर आणि सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारे उपकरण) यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घालताना उत्पादकाची सूचना पाहा. खाली लोखंड आणि आजूबाजूला लोहखनिज असले, तर होकायंत्र चुकीची दिशा दाखवू शकते.

पाण्यापेक्षा दमटपणाचा त्रास अधिक. पेटीच्या आत वातानुकूलन असते. थंड ड्रोन झाकण उघडताच जुलैच्या हवेत येते आणि कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते. पहिल्या काही मिनिटांची छायाचित्रे दुधाळ येतात, आणि घनफळासाठी ती निरुपयोगी असतात. उड्डाणाआधी आतले तापमान थोडे चढू देणे हाच त्यावर उपाय. खाणीवर याउलट लाल धूळ. उतरण्याच्या पट्टीवरची खूण धुळीने झाकली की ड्रोनला ती नीट ओळखता येत नाही आणि मग ते पर्यायी जागेवर उतरते. चार्जिंगच्या टोकांवरही तीच धूळ बसते. पाऊसमापकाच्या भांड्यात पाने आणि वाऱ्याच्या मापकावर कोळिष्टके साचतात, ती वेगळीच. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणारा माणूस लागतोच. खाणीच्या वॉचमनला हे काम शिकवता येते, मात्र ते करारात लिहून घ्या.

प्रश्नकर्ता: फोंड्याचा सर्वेक्षक

दोघांचेही आभार. चालकाला खाणीवर उभे राहावेच लागणार असेल, तर मग डॉकचा उपयोग काय, हा प्रश्न मला आता अधिकच पडला आहे. खाणमालक मात्र उत्साही आहेत. भारतीय खाण ब्युरोला दरवर्षी द्यावे लागणारे ड्रोन सर्वेक्षणही यातूनच निघेल, असे त्यांना वाटते.

उत्तर ३: साखळीचा जुना मोजणीदार

त्या वार्षिक सर्वेक्षणासाठी डॉक घेण्याची काहीच गरज नाही. खनिज संवर्धन आणि विकास नियमांतील २०२१ च्या सुधारणेने ५० हेक्टर वा त्याहून मोठ्या लीजला, किंवा वर्षाला १० लाख टन वा त्याहून अधिक उत्खननाचा आराखडा असलेल्या लीजला, हद्दीबाहेर १०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यासह ड्रोनची छायाचित्रे देणे बंधनकारक केले आहे. पण ते वर्षातून एकदाचे काम. ड्रोन पिशवीतून नेऊन ते नीट होते आणि जमिनीवरचे नियंत्रणबिंदू (स्थान अचूक मोजलेल्या खुणा) तपासायला माणूस तसाही लागतो.

डॉकचे मोल एकाच मार्गावरच्या वारंवार उड्डाणांत आहे. दर वेळी तीच उंची, तोच कोन, लगतच्या छायाचित्रांचा तोच ओव्हरलॅप (एकमेकांवर येणारा भाग) मिळाला, तर या आठवड्याचा ढिगारा मागच्याशी ताडून पाहताना चालकाच्या हाताचा फरक मध्ये येत नाही. आपल्याकडे उत्खनन ऑक्टोबर ते मे या काळात चालते, म्हणजे मोजणीचे काम आणि कोरडी हवा दोन्ही एकदमच मिळतात. पावसाळ्यात घनफळ मोजायचे नसते, पण डंपचा (टाकाऊ मातीच्या ढिगाचा) उतार सरकतो आहे का, खड्ड्यात पाणी किती चढले, खालच्या शेतात गाळ उतरतो आहे का, हे तेव्हाच पाहावे लागते. सरींच्या मधल्या उघडिपीत दहा मिनिटांचे उड्डाण करायचे, तर फोंड्याहून माणूस येईपर्यंत पुन्हा पाऊस धरतो. जागेवर तयार असलेले ड्रोन तिथे उपयोगी पडेल, आणि खाणीचाच एखादा कर्मचारी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्रधारक चालक झाला, तर नजरेच्या टप्प्याचा प्रश्नही उरणार नाही. माझ्या मते आपण पेटी विकत घेऊ नये. खाणमालकांनी ती घ्यावी, त्यांच्या माणसाने उड्डाण करावे आणि छायाचित्रांवरून घनफळ काढण्याचे काम आपल्याकडे राहावे.

प्रश्नकर्ता: फोंड्याचा सर्वेक्षक

हा मार्ग पटला. खाणमालकांशी याच तत्त्वावर बोलणी करतो, आणि विक्रेत्याकडे टाइप सर्टिफिकेट लेखी मागितले आहे. वीजतंत्री महोदयांना एकच विचारायचे राहिले: बोअरमधून सोडलेली तांब्याची पट्टी साधारण किती खोल गेली होती?

उत्तर २: सत्तरीचा वीजतंत्री

खोली आधी ठरवता येत नाही. जांभा संपून खालची ओलसर चिकणमाती लागेपर्यंत जा, आणि प्रत्येक टप्प्यावर मीटर लावत राहा.