न्यूरॉन 'फायर' होतो, हे पोलिशमध्ये कसं म्हणायचं?

पोलिश शिकतेय, मेंदूवरचा एक इंग्रजी लेख पोलिशमध्ये करायला घेतलाय आणि 'न्यूरॉन फायर होतो' (म्हणजे मेंदूतली चेतापेशी विजेचा झटका सोडते) इथेच गाडी अडलीये. डिक्शनरीत गोळी झाडणे या अर्थाचं 'स्त्शेलाच' सापडलं, चालेल का?

— ताई, बोलताना कोणी म्हणेलही, पण छापील मजकुरात नको. तिथे 'विवादोवान्ये' रुळलाय, म्हणजे विजेचा डिस्चार्ज, आभाळात वीज कडाडते त्यालाही हाच शब्द, आणि गंमत म्हणजे ट्रकमधला माल उतरवणं, साठलेला राग कुणावर तरी काढणं हेही त्याच क्रियापदाने सांगतात. म्हणजे बंदूक गेली पण साचलेलं एकदम मोकळं होणं राहिलं, आणि न्यूरॉनचं तर तेच होतं ना! फायरिंग रेटला, म्हणजे न्यूरॉन किती वेळा फायर होतो त्याला, मग या विवादोवान्यांची वारंवारता म्हणायचं.

— आणि स्पाइक, म्हणजे नोंदीत उठणारं विजेचं टोक? 'इग्लित्सा' ना?

— इथे खरंच सांभाळा. इग्लित्सा हा सुईवरून आलेला शब्द, पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात १९४८ साली उभारलेला तो उंच पोलादी सुळकाही इग्लित्साच. ईईजीच्या (डोक्यावरून घेतलेल्या मेंदूतल्या विजेच्या नोंदीच्या) कागदावरचं टोक सांगायला अगदी फिट, पण ते टोक असंख्य न्यूरॉन्स एकदम पेटल्याचं असतं, साधारण २० ते ७० मिलिसेकंदांचं. एकट्या न्यूरॉनचा स्पाइक जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांचा, त्याला इम्पुल्स म्हणा. इंग्रजीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो, तुम्हाला मात्र आधी बघावं लागेल की इलेक्ट्रोड डोक्यावर लावलाय की पेशीजवळ. (बंदुकीत काडतुसावर आपटणारी पिनसुद्धा इग्लित्साच बरं का, म्हणजे घालवलेली बंदूक इथून परत आली!)

— मग पोलिश वाचताना चित्रं कमीच दिसणार का?

— उलट! कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) म्हटल्यावर इंग्रजी वाचणाऱ्याला काही दिसत नाही, लॅटिन आहे ते. पोलिशमध्ये ती 'कोरा', झाडाची साल, शाळेतल्या पोरालाही कळते. कानातला कॉक्लिया म्हणजे 'श्लिमाक', सरळ गोगलगाय. सेरेबेलम तर 'मुझ्जेक', इवलासा मेंदू, आपण लहान मेंदू म्हणतो तसंच पण त्यात लाड जास्त. मला हा शब्द फार आवडतो. सिनॅप्सचं, म्हणजे न्यूरॉन्समधल्या जोडण्यांचं, प्रूनिंग तेवढं जसंच्या तसं जातं, 'प्शिचिनान्ये', बागेतली छाटणीच, तिथे डोकं खपवू नका.