पाठकोऱ्या कागदावर कुणाचं तरी आधार

रेवा:
मंगळवारी आईच्या अनुदानाचा अर्ज द्यायला एका सरकारी कार्यालयात गेले होते. टोकन म्हणून पाठकोऱ्या कागदाचा चतकोर तुकडा हातात आला, वर निळ्या पेनाने ३७. बसल्या बसल्या उलटून पाहिला, तर कुणा बाईंच्या आधारकार्डाची झेरॉक्स! फोटो, जन्मतारीख, बारापैकी आठ आकडे. उरलेले चार पुढच्या माणसाच्या तुकड्यावर असणार.

त्याच खिडकीवर मी पाच मिनिटांपूर्वी आईची झेरॉक्स दिली होती, तिची सही घेऊन. पोटात गोळाच आला. आकडे झाकलेली प्रत चालेल का विचारलं, तर ‘पूर्णच लागते’. भांडून तिचं अनुदान अडकवायचं नाहीये. काय करू?

जुना_कारकून:
अनुदानासाठी आधार मागता येतं, २०१६ च्या आधार कायद्याचं कलम ७. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते कायम ठेवलं, बँक खातं आणि मोबाइलला आधार जोडायची सक्ती मात्र काढली. तेव्हा नंबर अर्जात भरा, पण झेरॉक्स मास्क्ड आधारची लावा, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर आडवं लिहा: कशासाठी दिली, तारीख. आईंचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून टाका. फक्त कुठे अंगठा द्यायचा असेल त्याआधी आठवणीने उघडा, नाहीतर त्यांनाच हेलपाटा पडेल.

नीता_वकील:
२०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्राला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या यंत्रणा वगळता येतात, आणि ती पळवाट मला फार मोठी वाटते. पण टोकनाचे तुकडे कुठल्याच सुरक्षेत बसत नाहीत. लेखी तक्रार द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.

रेवा:
आज गेले. तुकडा साहेबांपुढे उलटा ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग खिडकीवरचा गठ्ठा आत न्यायला सांगितला. पोच मिळाली, मास्क्ड प्रतही त्यांनी घेतली. आईच्या आधारचा वापर कुठे कुठे झाला तेही साइटवर पाहिलं: सहा महिन्यांत तीन नोंदी, तिन्ही आमच्याच.

तो तुकडा अजून माझ्या पर्समध्ये आहे. फाडायला हात धजत नाही. बाईंचा जन्म १९५१ चा, आईच्याच वयाच्या. त्यांना हे कळवायचं कसं, कुणी सांगेल का?