दोन गट, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब : कोणती संख्याशास्त्रीय चाचणी योग्य? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी परिचर्या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेत असून प्रबंधासाठी एक लहान अभ्यास केला आहे. वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून अधिक असलेल्या ६० जणांना मी चिठ्ठ्या टाकून दोन समान गटांत विभागले. एका गटाने नेहमीच्या औषधांबरोबर रोज अर्धा तास भरभर चालायचे होते, दुसऱ्याने फक्त औषधे सुरू ठेवायची होती. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा प्रत्येक गटातले दोघे आले नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे २८ जणांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी हाती आहेत.

प्रत्येक गटासाठी मी स्वतंत्र पेअर्ड टी-टेस्ट केली. चालणाऱ्या गटाचा रक्तदाब सरासरी ९ ने उतरला, पी-मूल्य (खरा बदल नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा बदल दिसण्याची शक्यता) ०.०२ आले, दुसऱ्या गटाचा ६ ने उतरला, पी-मूल्य ०.०७ आले. ०.०५ च्या नेहमीच्या मर्यादेनुसार पहिला बदल लक्षणीय आणि दुसरा नाही, म्हणून चालण्याचा उपयोग होतो असा निष्कर्ष लिहून मी प्रकरण सादर केले आणि ते 'चाचणी चुकली आहे' एवढ्याच शेऱ्यासह परत आले. एकाच व्यक्तीच्या दोन मोजण्यांसाठी पेअर्ड टी-टेस्ट वापरावी असेच मी शिकले आहे, मग चूक नेमकी कुठे झाली?

आणखी दोन शंका आहेत. शापिरो-विल्क चाचणीनुसार सुरुवातीचे आकडे प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणात बसत नाहीत, तर ते वितरण गृहीत न धरणाऱ्या विलकॉक्सन चाचणीकडे वळावे का? की १४० च्या खाली आलेले आणि न आलेले असे दोन भाग करून काय-वर्ग चाचणी करावी? दुसऱ्या गटातली एक नोंद तर मला अजूनही उलगडत नाही : औषधात काही बदल नाही, चालणे नाही, तरीही रक्तदाब १६८ वरून १४२. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे, कारण मला नुसते चाचणीचे नाव नको, कारण समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

आपण केलेली चाचणी 'या गटात बदल झाला का' एवढेच विचारते, आणि आपला प्रश्न मात्र 'दोन गटांतल्या बदलांत फरक आहे का' असा आहे. त्या प्रश्नाचे उत्तर दोन पी-मूल्ये शेजारी ठेवून मिळत नाही. आपल्याच आकड्यांवरून हिशेब करून पाहा. ९ ची घट आणि ०.०२ हे पी-मूल्य यांवरून पहिल्या गटाची प्रमाणत्रुटी (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता) सुमारे ३.६ निघते, दुसऱ्याची सुमारे ३.२. दोन घटींमधला फरक अवघा ३ मिलिमीटर पारा आणि त्या फरकाची प्रमाणत्रुटी, म्हणजे दोन्ही त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, सुमारे ४.८. त्यामुळे ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा, साधारण उणे ७ पासून अधिक १३ पर्यंत पसरतो आणि शून्यही त्यात येते. चालण्याचा उपयोग होत नाही असे यातून सिद्ध होत नाही, परंतु होतो असेही म्हणता येत नाही.

१६८ वरून १४२ ही नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. रक्तदाब रोज वरखाली होत असतो आणि आपण तो वर असतानाच माणसे निवडली, तेव्हा पुढच्या मोजणीत काहीही न करता सरासरी थोडी उतरणारच. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीबाबत सरासरीकडे परतण्याची हीच प्रवृत्ती मांडली होती. ती दोन्ही गटांत सारखीच असते, म्हणून तर तुलनेसाठी दुसरा गट लागतो. आपण गट घेतलात, पण विश्लेषणात त्याचा उपयोग केला नाहीत.

माझ्या मते येथे अँकोव्हा (सुरुवातीचा फरक हिशेबात धरून गटांची तुलना करणारी पद्धत) वापरावे : नंतरचा रक्तदाब हे फलित, गट हा घटक आणि सुरुवातीचा रक्तदाब हा सहचल, म्हणजे हिशेबात धरायचा जोड-आकडा. प्रत्येकाची घट काढून दोन गटांच्या घटींवर स्वतंत्र नमुन्यांची टी-टेस्ट करणेही चुकीचे नाही, मात्र चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले असताना अँकोव्हाचा अंदाज सहसा अधिक नेमका येतो.

सुरुवातीच्या आकड्यांच्या प्रसामान्यतेची चिंता सोडा. १४० च्या खालचे कोणी घेतलेच नाही, तर ते वितरण एका बाजूने कापलेले असणारच. प्रसामान्यतेचे गृहीतक अवशेषांबद्दल (प्रत्यक्ष आकडा आणि विश्लेषणाने वर्तवलेला आकडा यांतल्या फरकांबद्दल) असते, तेव्हा अवशेषांचा आलेख काढून पाहा. विलकॉक्सनची जोडीची चाचणीही एकाच गटापुरते बोलते, त्यामुळे मूळ चूक तशीच राहील. १४० ची रेघ मारून दोन भाग करू नका; १४१ आणि १७० यांना एकाच रकान्यात टाकल्याने हाती असलेली माहिती वाया जाते. न आलेल्या चौघांचे सुरुवातीचे आकडे आणि न येण्याची कारणे मात्र जरूर नोंदवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. प्रमाणत्रुटीचा हिशेब मी हाताने करून पाहिला, अंतराल उणे ६.७ ते १२.७ आला. अँकोव्हामध्ये चालण्याचा परिणाम सुरुवातीच्या रक्तदाबानुसार बदलतो का, हे तपासण्यासाठी गट आणि सहचल यांच्या गुणाकाराचे पदही घालावे का, की २८ जणांच्या गटात ते पेलणार नाही?

प्रतिसाद २

ते पद एकदा घालून आलेख पाहा, पण मुख्य निष्कर्ष त्यावर बेतू नका. एवढ्या नोंदींत तो परिणाम खरोखर असला तरी पकडला जाण्याची शक्यता कमीच आहे. प्रबंधात ते पूरक विश्लेषण म्हणून, तसे स्पष्ट नमूद करून द्यावे.