मदत हवी आहे: बॉक्सिंगचं माझं स्कोअरकार्ड जुळत नाहीये, रविवारच्या आत सांगा

तापीकाठ_भुसावळ
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. मी अन् काका दोघं बसून जुन्या बॉक्सिंग फाइटचं राउंड बाय राउंड स्कोअरिंग करतो, गेल्या शनिवारी ती १५ राउंडवाली लावली होती, माझं कार्ड १४३-१४० आलं. काका म्हणतात चूक, ८-६-१ पाहिजे. मी तीनदा बेरीज केली, माझी बेरीज बरोबरच आहे, मग हे ८-६-१ आलं कुठून? काका म्हणतात पंचांचं पण तेच आहे, तुला मोजताच येत नाही. मंगळवारपासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. रविवारी शेतात भरीत पार्टी आहे, सगळी पोरं येणार आहेत अन् तिथं हा विषय निघणारच. कोणाला नक्की माहिती असेल तर सांगा, उगीच अंदाज नको.

साउथपॉ_धुळे
भो, तुना प्रश्नच समजना नही. कोनती फाइट शे ते सांग ना पह्यले.

केळीबाग_रावेर
लिओनार्ड-हॅगलर असेल. त्या कार्डांवरून आजही भांडणं होतात. ६ एप्रिल १९८७, लास वेगास. एका जजनी ११५-११३ हॅगलरला दिली, दुसऱ्यानी ११५-११३ लिओनार्डला अन् तिसऱ्यानी चक्क ११८-११० लिओनार्डला. ११८-११० म्हणजे बारापैकी दहा राउंड लिओनार्डचे! मी ती फाइट निदान आठ वेळा पाह्यली आहे अन् दरवेळी हॅगलर जिंकलेला दिसतो. हॅगलर परत कधी रिंगमध्ये उतरलाच नाही, यातच काय ते समजा.

साउथपॉ_धुळे
केळीबाग भाऊ, ती बाराची होती, पंधराची नाही. अन् हॅगलर स्वतःच्या चुकीनं हरला. हाडाचा डावखुरा माणूस, सुरवातीला उजव्या हाताच्या बॉक्सरसारखा उभा राह्यला, ते राउंड असेच देऊन टाकले. लिओनार्ड राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनटात झपाझप हात चालवायचा, जजच्या डोळ्यात तेवढंच राहतं.

केळीबाग_रावेर
तेच तर म्हणतोय. तीन मिनटांचा राउंड असतो, अडीच मिनटं एक माणूस मागे पळतो अन् शेवटच्या तीस सेकंदात टाळ्या मिळवतो, तर राउंड त्याचा? त्या फुलझड्यातले अर्धे ठोसे तर हॅगलरच्या हातांवर बसले, स्लो करून बघा.

साउथपॉ_धुळे
जज स्लो करून बघत नाहीत भाऊ. अन् पुढे जाऊन मारायचंच नसेल तर नुसतं पुढे जाण्याचे मार्क नसतात.

मास्तर_अमळनेर
दोघं जरा थांबा, पोराचा प्रश्न राहून जातोय. तापीकाठ, चार गोष्टी सांग. फाइट कोणती, कुठे झाली, तू कार्ड कोणत्या पद्धतीनं मांडलं, अन् नॉकडाउन (ठोसा लागून खाली पडणं) किती धरले. हे कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

तापीकाठ_भुसावळ
अली-फ्रेझर ना. पंधराची म्हटल्यावर दुसरी कोणती असणार? पद्धत म्हणजे काय, एकच तर असते, जिंकला त्याला १०, हरला त्याला ९, खाली पडला तर ८.

मास्तर_अमळनेर
अली-फ्रेझर तीन झाल्या. १९७१, १९७४ अन् १९७५. मधली बाराची होती. १९७५ ची, मनिलाची, पंधराची होती, पण चौदाव्यानंतर फ्रेझरचे ट्रेनर एडी फच यांनी त्याला पुढे उठूच दिलं नाही. म्हणजे तुझी पहिलीच, ८ मार्च १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बरोबर?

तापीकाठ_भुसावळ
हो तीच. लाल चड्डीवाला अली.

नोंदवही_चोपडा
मी कागदावर कधीच करत नाही. एक्सेल शीट बनव, एका कॉलममध्ये लाल, एका कॉलममध्ये निळा, खाली आपोआप बेरीज. मी माझी शीट पाठवू शकतो. त्यात ठोसे मोजायला पण जागा केली आहे, मोबाइलवर बटण दाबत राहायचं, ज्याचे जास्त लागले त्याचा राउंड. वादच संपला.

साउथपॉ_धुळे
ठोसे मोजून राउंड देत नसतात. १९९९ ची लुईस-होलिफील्ड बघ, मोजणीत लुईसचे ३४८ लागले होते, होलिफील्डचे १३०. निकाल काय? ड्रॉ. एका जजनी तर ११५-११३ होलिफील्डला दिली होती.

नोंदवही_चोपडा
मग ते जज चुकले. माझी शीट असती तर चुकले नसते.

साउथपॉ_धुळे
त्या रात्री जज चुकले हे मलाही मान्य आहे. पण म्हणून मोजणी बरोबर होत नाही. एक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) नुसता नाकाला शिवून जातो अन् एक हुक (बाजूनं वळवून मारलेला) गुडघे वाकवतो, तुझ्या बटणाला दोन्ही सारखेच.

आई_आणि_बॉक्सर
मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा आठवीत आहे, नंदुरबारला असतो, त्याला बॉक्सिंग शिकायचं आहे. हातमोजे किती औंसाचे घ्यावेत? दुकानदार म्हणतो १६ घ्या, मला ते फार जड वाटतात.

मास्तर_अमळनेर
ताई, १६ औंस मोठ्या माणसांना, ते पण सरावाच्या लढतीला. मुलाचं वजन बघून शिकवणारे सांगतील, तोवर विकत घेऊ नका. हाताला गुंडाळायच्या पट्ट्या मात्र पहिल्या दिवशीच घ्या, मनगट त्यानंच सांभाळलं जातं.

आता तापीकाठ. तुझी बेरीज बरोबर आहे अन् काकांचं कार्ड पण बरोबर आहे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा निकाल पॉइंटवर नव्हता, राउंड मोजायचे. ज्यानी जास्त राउंड घेतले तो जिंकला. कार्डावर तीन आकडे येतात, याचे राउंड, त्याचे राउंड अन् बरोबरीचे. तेव्हा रेफ्री पण कार्ड भरायचा. रेफ्री आर्थर मर्कान्टे यांचं कार्ड ८-६-१ होतं, फ्रेझर आठ, अली सहा, एक बरोबरीत. दोन जजची ९-६ अन् ११-४. तिघांनी फ्रेझरलाच दिली. काका म्हणतात ते 'पंचांचं' म्हणजे रेफ्रीचं कार्ड.

तापीकाठ_भुसावळ
म्हणजे नॉकडाउनचा पॉइंटच नाही?

मास्तर_अमळनेर
वेगळा नाही. पंधराव्यात फ्रेझरचा तो डावा हुक बसला, अली पाठीवर पडला, तरी कार्डावर तो एकच राउंड. आजच्या हिशोबानं तो १०-८. मर्कान्टेंचं कार्ड आजच्या पद्धतीत मांडलं तर १४४-१४१ होईल. बाकीची १४४-१४० अन् १४६-१३८. करून बघ.

केळीबाग_रावेर
ही राउंड मोजायची पद्धत बरी होती. हॅगलरला तरी

साउथपॉ_धुळे
११८-११० राउंडात मांडलं तरी १०-२ च होतं भाऊ, हॅगलर तिथंही हरतो. सोडा आता.

पण मास्तर, पोराचं गणित अजून बसत नाही. १४३ म्हणजे फ्रेझरला आठ राउंड, अलीला सात. पंधराव्याचा एक पॉइंट कापला तर अलीचे १४१ व्हायला पाहिजेत. यानी १४० लिहिलेत. अजून एक पॉइंट कुठे गेला?

तापीकाठ_भुसावळ
अकराव्या राउंडला पण अली पडला होता ना, म्हणून तिथं पण १०-८.

मास्तर_अमळनेर
सापडलं. राउंड सुरू होऊन दहा सेकंद पण झाले नव्हते. अलीचे दोन्ही हात अन् एक गुडघा खाली टेकले, पण मर्कान्टे मध्ये आले, अलीचे ग्लोव्हज पुसले अन् हातानी खूण केली की हा नॉकडाउन नाही. पडलं ते पडलं असं नसतं बाबा. नॉकडाउन आहे की नाही ते रेफ्री ठरवतो, आपण नाही. त्याच राउंडच्या शेवटी शेवटी मात्र खरा हुक लागला, अली पार डळमळला, पण उभा राह्यला. आजचा एखादा जज त्यासाठीसुद्धा १०-८ देईल, तो वेगळा वाद.

साउथपॉ_धुळे
मी देतो. अकरावा १०-८. एवढा हलला होता तो.

मास्तर_अमळनेर
मी नाही देत. तो उभा होता अन् उलट मारत पण होता.

पाटील_यावल
भरीत पार्टी म्हटलं म्हणून लिहितो. वांगी बामणोदचीच आणा, हिरवी, मोठी. कपाशीच्या काड्यांवर भाजा, गॅसवर नाही. लाकडी मुसळीनं ठेचायचं, मिक्सर लावला की गेलं. कांद्याची पात भरपूर अन् सोबत कळण्याच्या पुऱ्या. किती माणसं आहेत? दहाच्या वर असतील तर काड्या आदल्या दिवशीच आणून ठेवा, दवानं ओल्या झाल्या की नुसता धूर होतो.

तापीकाठ_भुसावळ
पाटील काका, पंचवीस जण आहेत, काड्या सांगून ठेवल्या आहेत.

मास्तर, एक राह्यलं. अकराव्याचं तुमचं धरलं तर माझं ८-७ झालं अन् काकांचं ८-६-१. म्हणजे आमच्यात फरक एका राउंडाचा. आत्ता काकांची वही काढून बघितली. शाळेची दोनशे पानी वही आहे, पेन्सिलनं आखलेली, एका ओळीत पंधरा चौकोन, त्यात नुसतं फ किंवा अ. ही त्यांनी मित्राकडे व्हिडिओ कॅसेट आली होती तेव्हा केलेली. दहाव्याच्या चौकोनात पहिले अ लिहून खोडलंय, इतकं खोडलंय की कागद पातळ झालाय, अन् वर = केलंय. मी दहावा अलीला दिलाय.

साउथपॉ_धुळे
आवाज चालू ठेवून बघितलं का?

तापीकाठ_भुसावळ
हो, कॉमेंट्री असते ना त्याला.

साउथपॉ_धुळे
मग ते कार्ड तुझं नाही, कॉमेंट्रीवाल्याचं आहे. तिथं बर्ट लँकेस्टर नावाचा सिनेमातला नट पण बोलायला बसला होता. अली डोकं हलवून लोकांना दाखवतो की मला लागलंच नाही, लोक ओरडतात, अन् आपण राउंड त्याला देऊन टाकतो. म्यूट कर. घंटा झाली की ब्रेकच्या एका मिनटात आकडा लिही अन् परत त्याला हात लावू नको.

मास्तर_अमळनेर
हे साउथपॉचं शंभर टक्के खरं आहे. अन् चार गोष्टी ह्याच क्रमानं बघ. नीट बसलेले ठोसे पहिले, मग कामाचा हल्ला, मग रिंगमध्ये कोणाचं चालतंय, मग बचाव. पहिल्यातच ठरलं तर पुढे जाऊच नको.

केळीबाग_रावेर
अन् बरोबरी देऊ नको. आजचे जज सहसा देत नाहीत. तीन मिनटात कोणीतरी थोडं तरी पुढे असतंच.

मास्तर_अमळनेर
केळीबाग, १९७१ चं कार्ड आहे, तेव्हा देत होते. अन् खोडून खोडून कागद पातळ करणारा माणूस आळस म्हणून बरोबरी देत नाही.

तापीकाठ_भुसावळ
काल रात्री साडेअकराला लाइट आल्यावर परत लावली, आवाज बंद करून, एकटा बसलो. दहावा तीनदा बघितला. अलीचे जॅब जास्त आहेत, पण फ्रेझर आत शिरून जे मारतो ते मला पहिल्या वेळी दिसलेच नव्हते, कॉमेंट्री ऐकत होतो म्हणून असेल. तरी मी अलीलाच देतो. अकरावा दुरुस्त केला. आता १४३-१४१, राउंडात ८-७.

सकाळी काकांना मास्तरांचं सगळं वाचून दाखवलं, १४४-१४१ पण सांगितलं. त्यांनी चष्मा लावून वहीत बाजूला ते आकडे लिहून घेतले. मग म्हणाले दहावा तू अलीला का दिला ते मला दाखव, माझा पण तिथंच हात अडला होता. आता दोघं बसलोय, आवाज बंद आहे. रविवारी पोरांना पण प्रत्येकाला वेगळा कागद देणार आहोत, बघू दहाव्यात कोण काय लिहितं.

पाटील_यावल
पंचवीस जणांना वांगी किती घेतली ते सांगितलं नाही.