विषय: हीटिंगच्या जुन्या डक्टमधून कूलिंग – शनिवारच्या आत उत्तर हवे

प्रेषक: टार्नीटकर
बुधवार, रात्री ९.४०

स. न. वि. वि.

आपल्या मेलबर्नच्या मंडळाच्या सहलीत बसमध्ये ज्या हीटरचे रडगाणे मी गायलो होतो, त्याचाच हा पुढचा अध्याय आहे. शनिवारी सकाळी नऊ वाजता कूलिंगवाला होकार घेण्यासाठी येणार आहे. छतातील गॅस हीटरच्या पुढे तो एक कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्यांचे वेटोळे) बसवणार, बाहेर गॅरेजशेजारी कॉम्प्रेसर ठेवणार आणि हीटरचाच पंखा त्याच सात झरोक्यांतून थंड हवा सोडणार, असे त्याचे म्हणणे आहे. डक्ट, म्हणजे खोल्यांकडे हवा नेणाऱ्या नळ्या, बदलण्याची गरज नाही, असे तो छातीठोकपणे सांगतो. दुसऱ्याने मात्र सगळे डक्ट बदलावे लागतील असे सांगून जवळजवळ दीडपट आकडा लिहून दिला. सासूबाई इथल्या उन्हाळ्यात, डिसेंबरात, नागपूरहून येत आहेत. डक्ट न बदलता काम भागते का, एवढेच कृपया अनुभवी सभासदांनी सांगावे.

प्रेषक: ग्लेन वेव्हर्लीकर
बुधवार, रात्री ११.१५

आपण डक्टचा व्यास लिहिला नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे. हीटरमधून येणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा साधारण तीस अंशांनी गरम असते, त्यामुळे ती थोडी आली तरी खोली तापते. कॉइलवरून येणारी हवा मात्र जेमतेम दहा-बारा अंशांनी थंड असते, म्हणजे तेवढेच काम करून घ्यायचे तर अडीचपट हवा ढकलावी लागते. केवळ हीटिंगसाठी बांधलेल्या घरांत खोल्यांकडे जाणारे डक्ट बहुधा १५० मिलिमीटरचे असतात. ते २०० मिलिमीटरचे केले तर आतील क्षेत्रफळ पावणेदोनपट होते. त्याच अरुंद नळीतून पंखा जोरात फिरवून हवा कोंबली, तर झरोके शिट्ट्या वाजवतात आणि शेवटच्या बेडरूमपर्यंत काहीच पोहोचत नाही. मार्गिकेतील रिटर्न एअरची, म्हणजे घरातली हवा परत ओढून घेणारी, जाळीसुद्धा मोठी करावी लागते, हे बहुतेक कारागीर सांगतच नाहीत.

आणखी एक गोष्ट म्हणजे झोन, अर्थात वेगवेगळे बंद-चालू करता येणारे खोल्यांचे गट. हिवाळ्यात आपण नको त्या खोल्या बंद करतो. कूलिंगमध्ये तसे करून कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही, तर कॉइलवर बर्फ धरतो आणि सगळे ठप्प होते. कॉइल हीटरच्या पुढेच बसवायला हवे. मागे बसवले तर हीटरच्या आत दव साचून पत्रा गंजतो. आपल्या हीटरच्या पंख्याला आणि कंट्रोल बोर्डाला कूलिंगची सोय मुळात आहे की नाही, हे मॉडेल क्रमांकावरून आधी पाहावे. माझ्या घरी झरोके जमिनीत आहेत, त्यामुळे मी हा विचारच सोडून दिला. थंड हवा घोट्यापाशी घुटमळत राहते आणि डोके तापलेलेच राहते.

प्रेषक: क्रेगीबर्नकर
गुरुवार, सकाळी ७.०५

ग्लेन वेव्हर्लीच्या काकांनी शास्त्र उत्तम सांगितले, पण नागपूरच्या सासूबाईंसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मला नम्रपणे विचारावेसे वाटते. छपरावरचा इव्हॅपरेटिव्ह कूलर म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा आपला कूलरच असतो, फक्त सुगंध तेवढा नसतो. मेलबर्नची चाळीस अंशांची हवा उत्तरेच्या वाऱ्याने कोरडी झालेली असते आणि अशा हवेत हा कूलर छान चालतो. वीजही बरीच कमी लागते. आमचा अकरा वर्षे चालू आहे.

प्रेषक: बॉक्स हिलकर
गुरुवार, सकाळी ८.३०

क्रेगीबर्नकरांना एवढेच विचारते की, २०२० च्या जानेवारीत वणव्यांचा धूर शहरावर आला होता, तेव्हा त्यांनी काय केले? तो कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. आम्ही तो बंद करून चार दिवस घामाघूम बसलो होतो. शिवाय वादळापूर्वी हवा दमट झाली की तो नुसती ओल देतो. त्याचे डक्टही वेगळे आणि मोठे असतात, म्हणजे टार्नीटकरांचे सध्याचे डक्ट तिथेही वायाच जाणार.

आम्ही नंतर कॉइल बसवले, आणि त्याचे पाणी कुठे जाते हे कोणी विचारलेच नाही. दमट दिवशी कॉइलवर लिटरांनी पाणी जमते. आमच्याकडे निचऱ्याच्या नळीला उतार नव्हता आणि खाली जादा ट्रेही नव्हता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका बसलेल्या असताना छतावर आधी बशीएवढा पिवळा डाग दिसला आणि मग तिळगुळाच्या ताटात टपकन थेंब पडला. वर जाऊन पाहिले तर कॉइलखालचा मूळ ट्रे काठोकाठ भरला होता आणि जुन्या डक्टचे वेष्टन दवाने निथळत होते. टार्नीटकर, ट्रेबद्दल लेखी घ्या.

प्रेषक: मंडळाचे सचिव
गुरुवार, दुपारी १.१०

कारागिरांची यादी मी गेली सहा वर्षे सांभाळतो आहे. तेव्हा कृपया नावे आणि फोन क्रमांक परस्पर इथे टाकू नयेत, मला कळवावेत. शीतक वायू हाताळण्याचा परवाना आणि गॅसचे काम करण्याचा परवाना हे दोन वेगळे असतात. दोन्ही पाहावेत आणि काम संपल्यावर काम नियमांप्रमाणे झाल्याचे अनुपालन प्रमाणपत्र मागावे. कॉम्प्रेसर शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या भिंतीला लावू नये. रात्री ११ नंतर, तसेच सकाळी ७ पूर्वी आणि शनिवार-रविवारी ९ पूर्वी, तो शेजाऱ्यांच्या खोलीत ऐकू गेला तर व्हिक्टोरियाच्या नियमांत ते बसत नाही.

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर म्हाताऱ्या बैलावर नवी झूल घालण्यात अर्थ नाही. डक्ट बदलायचेच असतील, तर गॅस काढून रिव्हर्स सायकल (विजेवर चालणारे, थंड आणि गरम दोन्ही करणारे यंत्र) बसवण्याचाही दर घ्यावा. राज्य सरकार त्यासाठी सवलत देते, आणि १ जानेवारी २०२४ पासून ज्या नव्या घरांना नियोजन परवाना लागतो, त्यांना गॅसची जोडणीच मिळत नाही.

प्रेषक: ग्लेन वेव्हर्लीकर
गुरुवार, दुपारी २.०२

बैल किती म्हातारा आहे हे आधी विचारायला नको का? सहा-सात वर्षांचा हीटर मोडीत काढणे मला पटत नाही.

प्रेषक: टार्नीटकर
शुक्रवार, सायंकाळी ६.५०

सर्वांचे आभार. मंडळाची शिडी लावून आज छतात शिरलो. चौकटीपाशी कोळिष्टके आणि कापसाचे पुंजके होते, आणि आत इतके उकडत होते की चष्मा नाकावरून घसरत होता. सातही डक्टवर १५० असा शिक्का आहे. मागच्या बेडरूमचा डक्ट तर तुळईखाली दबून केळीच्या सालीसारखा चपटा झाला आहे. ती खोली हिवाळ्यात का तापत नाही, हे इतक्या वर्षांनी कळले. हीटर २०११ चा निघाला आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत कूलिंगचा उल्लेखही नाही.

त्यामुळे शनिवारच्या माणसाला फोन करून नकार कळवला आहे. दुसऱ्याकडून २०० मिलिमीटरच्या डक्टसह रिव्हर्स सायकलचा दर मागवला असून ट्रे, निचरा आणि रिटर्नची जाळी यांच्या वेगळ्या ओळी त्यात लिहून मागितल्या आहेत. डिसेंबरच्या आत काम होईलच असे तो म्हणत नाही, म्हणून एखादा फिरता पंखा कोणाकडे जादा असल्यास कळवावे.

प्रेषक: क्रेगीबर्नकर
शुक्रवार, सायंकाळी ७.१५

पंखा आहे, घेऊन जावा. शिडी मात्र रविवारी हॉलवर परत हवी, पडदे लावायचे आहेत.