दिल्लीची थंडी, हीटर आणि ४०० युनिटांची रेघ

यमुनापार:
थंडी पडली की दिल्लीतल्या मराठी मंडळींत दरवर्षी तोच वाद: ऑइल हीटर घ्यावा की ब्लोअर, वीज कशाला कमी लागते? माझं ठाम मत आहे की वाद इथे घालून उपयोग नाही. कॉइलवर चालणारा कुठलाही हीटर घ्या, एका युनिटातून उष्णता तेवढीच मिळते. बिल ठरतं तासांवर, आणि दिल्लीत सरकारच्या वीज सबसिडीच्या रेघेवर.

ज्यांनी सबसिडीसाठी अर्ज केलाय त्यांना महिन्याला २०० युनिटांपर्यंत बिल शून्य. २०१ ते ४०० मध्ये निम्मं, सूट जास्तीत जास्त ८०० रुपये. ४०० च्या वर गेलात की सगळीच सूट गेली. आता धरा, गिझरसकट घराचा वापर १८० युनिट आहे. त्यात दोन किलोवॉटचा हीटर रोज चार तास लावला की महिन्याचे २४० वाढले, एकूण ४२०. ३, साडेचार आणि साडेसहा रुपयांच्या टप्प्यांनी नुसत्या विजेचेच १,६३० रुपये, वर स्थिर आकार आणि अधिभार वेगळे. तोच हीटर रोज अर्धा तास कमी लावा: एकूण ३९०, आणि विजेचे १,४५५ होतात त्यातले निम्मेच भरायचे. म्हणून मी म्हणतो, रात्री खोली तापवत बसू नका, अंथरूण तापवा. विजेचं ब्लँकेट शे-दीडशे वॉटचं असतं, रात्रभर चाललं तरी एक-दीड युनिटात भागतं.

अनघा_द्वारका:
अजिबात पटलं नाही. अंथरूण तापवून झोपणाऱ्याची सोय झाली, बसणाऱ्याचं काय? माझ्या मुलीची दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. जानेवारीभर ती रात्री अकरापर्यंत टेबलाशी असते, बोटं गारठली की अक्षर बिघडतं. सासऱ्यांना संधिवात आहे, ते पहाटे उठून खुर्चीत बसतात. त्यांना रजईत राहा म्हणून सांगायचं का?

शिवाय ऑइल हीटरचा थर्मोस्टॅट, म्हणजे पुरेशी ऊब झाली की हीटर आपोआप बंद करणारी कळ, तुम्ही हिशेबातच धरला नाहीत. आमच्याकडे दार लावलं की थोड्या वेळाने त्याचा दिवा विझतो, तेल तापलेलं असतं म्हणून ऊब टिकते. ब्लोअर बंद केला की पाच मिनिटांत खोली होती तशी. वर त्याचा आवाज, अभ्यास करणाऱ्याच्या डोक्याला ताप. माझ्या मते ऑइल हीटरचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

यमुनापार:
अनघाताई, थर्मोस्टॅटने वीज वाचते ती हीटर कमी वेळ चालतो म्हणून. म्हणजे गोष्ट तासांचीच झाली. आणि चांगला थर्मोस्टॅट ब्लोअरलाही मिळतो. टेबलाशी बसणाऱ्या मुलीला तर पायाशी ठेवलेला ४०० वॉटचा रॉड हीटर पुरेल, पडदा आणि ओढणी लांब ठेवून.

वायरिंगवाला:
दोघंही हीटरवर भांडताय, फटींकडे कुणाचंच लक्ष नाही. इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली: संगमरवरी फरशी, एकेरी काच, दाराखाली बोटभर फट. बऱ्याच घरांत कूलर हिवाळ्यातही खिडकीत तसाच असतो. त्याच्या जाळीतून सगळी ऊब बाहेर. आधी कूलर काढा, खिडकी बंद करा, दाराखाली जुनी चादर गुंडाळून लावा, फरशीवर सतरंजी टाका. मग थर्मोस्टॅट हीटर आपोआप लवकर बंद करेल.

अजून एक. दोन किलोवॉटला नऊएक अँपिअर लागतात. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावू नका, १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. प्लग हाताला गरम लागला, पिनांभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं, तर त्याच दिवशी सॉकेट बदला.

नोएडा_७८:
एसी विसरलात सगळे. हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब देतो. दिल्लीचं किमान तापमान चार-पाच अंश, त्याला ते सहज झेपतं. नवा एसी घेणारच असाल तर साधा कशाला घेता?

अनघा_द्वारका:
भाड्याच्या घरात घरमालकाचा साधा एसी भिंतीवर आहे, तो कोण बदलून देणार? हीटर निदान घर सोडताना बरोबर नेता येतो. फटींचं मात्र शंभर टक्के पटलं.

मुनिरका_पीजी:
तुमची ४०० ची रेघ ज्यांच्यापर्यंत सबसिडी पोचते त्यांच्यासाठी. माझ्यासारखे खोली घेऊन राहणारे घरमालकाच्या सब-मीटरवर (त्याच्या मुख्य मीटरमागे खोलीला लावलेल्या वेगळ्या मीटरवर) असतात, पहिल्या युनिटापासून एकच चढा दर, सूट शून्य. म्हणून आमच्या गल्लीत हीटर परवडत नाही म्हणून लोक कोळशाची अंगीठी आत घेतात. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दर हिवाळ्यात अशी बातमी येते. यमुनापार, ब्लँकेटचा तुमचा सल्ला खरा आमच्या कामाचा आहे. दीड युनिट तर सब-मीटरवरही परवडतं. पण कोळसा घेणाऱ्याकडे ब्लँकेटसाठी एकरकमी हजार-दोन हजार नसतात. मालकाने खोलीबरोबर ते द्यावं, असा आग्रह भाडेकरूंनी धरायला हवा.

यमुनापार:
मालक कशाला देईल? त्याला युनिटमागे पैसे सुटतात. सब-मीटरला सबसिडीचाच दर लागू करायला हवा, आग्रह त्याचा धरा.

मुनिरका_पीजी:
तो निर्णय होईपर्यंत जानेवारी संपतो. मी या रविवारी आमच्या मालकाशी ब्लँकेटचंच बोलणार आहे.